संप मिटतो, पण मुलगी परत कॉलेजात जाते काय?

विद्यापीठातील अगर महाविद्यालयातील कर्मचाऱ्यांनी संप केला, ही बातमी वर्तमानपत्रांत चार ओळींत येते आणि चार दिवसांत लोकांच्या विस्मृतीत जाते. मागण्यांचा विचार करण्याचे आश्वासन मिळाले, संप मागे घेण्यात आला, कामकाज पूर्ववत सुरू झाले, एवढे वाचून वाचक पान उलटतो. परंतु ज्या घरातून एखादी मुलगी अगर मुलगा प्रथमच पदवीच्या शिक्षणास बाहेर पडला आहे, त्या घरात संपाच्या दिवसांत काय घडते, ही बातमी कोठेच छापून येत नाही. ती आपणच एकमेकांस सांगितली पाहिजे. कारण अशी घरे फार मोठ्या संख्येने आपल्याच समाजातील आहेत.

२०१३ साल धाराशिव जिल्ह्यातील जनता सहजासहजी विसरणार नाही. जिल्ह्याचे नाव त्या वेळी उस्मानाबाद होते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण व्हावी असा तो दुष्काळ होता. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, गावोगाव टँकरची वाट पाहिली जात होती आणि जनावरे छावणीवर बांधलेली होती. त्याच वेळी, म्हणजे ४ फेब्रुवारी २०१३ पासून, राज्यातील विद्यापीठीय व महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या महासंघाने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळावी, तसेच १९९१ ते २००० या काळात नेमल्या गेलेल्या व नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न सुटावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १० मे २०१३ रोजी बहिष्कार मागे घेण्यात आला. ९६ दिवस ही लढाई चालली. शासनाने प्राध्यापकांचे ७१ दिवसांचे वेतन रोखून धरले. ही रक्कम परत मिळावी, अशी मागणी प्राध्यापक पुढे अनेक वर्षे करीत राहिले. २५ सप्टेंबर २०१८ पासून त्यांनी जो बेमुदत संप केला, त्याच्या मागण्यांतही हा विषय होता.

त्याच उन्हाळ्यात तुळजापूर तालुक्यातील एक गृहस्थ आम्हांस भेटले. स्वतःची जमीन नाही; मिळेल ती मजुरी करून त्यांनी मुलीस बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकविले होते. जिल्ह्याच्या गावी दोन मैत्रिणींसह ती खोली घेऊन राहत असे. मार्च महिन्यात ते तिला सामानासह घरी घेऊन आले. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "परीक्षाच व्हायच्या न्हाईत म्हणत्यात सर, मग खोलीचं भाडं कशापायी भरायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुष्काळात भाड्याचे चारशे रुपये वाचतात, एवढा सरळ हिशेब होता. मुलगी कामावर जाऊ लागली. मेमध्ये बहिष्कार मिटला. पुढे परीक्षा झाली, तेव्हा वेळापत्रकाचा निरोप तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचला नाही. त्यानंतर तिचे लग्न झाले. ९६ दिवसांच्या भांडणात प्राध्यापकांचे ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले. ह्या मुलीने पदवी गमावली. वेतनाचा दावा न्यायालयात मांडता येतो. तिचा दावा मांडण्यास न्यायालय कोठे आहे?

या प्रसंगातील एक गोष्ट आमच्या मनाला आजही टोचते. त्या वेळी महाविद्यालय बंद नव्हते. बहिष्कार परीक्षेच्या कामावर होता, शिकविण्यावर नव्हता. पण "संप आहे" एवढाच शब्द गावात पोहोचला आणि त्या एका शब्दावर एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय झाला. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, संप म्हणजे नेमके काय बंद आहे, हे प्रथम विचारून घ्यावे. प्राध्यापकांचा बहिष्कार परीक्षेपुरता असला तर वर्ग, ग्रंथालय व कार्यालय चालू असते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी, म्हणजे लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांनी काम थांबविले तर शिकविणारे जागेवर असतात. पण परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, गुणपत्रक, टी.सी. व शिष्यवृत्तीची फाईल हे सर्व अडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये असेच घडले. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी २ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला व २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप पुकारला. अनेक विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पाठोपाठ १४ ते २० मार्च या सात दिवसांत जुन्या पेन्शनसाठी राज्यातील शासकीय व निमशासकीय कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. आणि त्याआधी २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला होता. भूम, परंडा, वाशी या भागांतील खेड्यांतून एस.टी.ने येजा करून शिकणाऱ्या मुलास तो संप कोणत्याही प्राध्यापकाच्या संपाइतकाच भोवला. महाविद्यालय उघडे असूनही तेथे जाण्यास गाडी नव्हती.

यावर कोणी म्हणेल, संप सर्वांसाठीच असतो; श्रीमंताच्या मुलाचीही परीक्षा लांबते. हे वरवर खरे दिसते. परंतु ज्याच्या घरी चार वर्षांचा खर्च जमा आहे, त्याची परीक्षा दोन महिने लांबली तर तो दोन महिने घरी बसतो अगर खाजगी वर्गास जातो. आपल्या मुलाचे शिक्षण एका साखळीवर उभे असते. परीक्षा लांबली की निकाल लांबतो. निकाल लांबला की गुणपत्रक नाही. मागील वर्षाचे गुणपत्रक नसले की महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज अडतो. तो अडला की कॉलेजची फी, खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे अडतात. तिकडे नोकरीच्या जाहिरातीची अंतिम तारीख विद्यापीठाच्या निकालासाठी थांबत नाही. एक कडी निखळली की सबंध साखळी खाली येते. आणि ती पडते तेव्हा पहिला प्रश्न घरात मुलीच्याच शिक्षणाबद्दल विचारला जातो.

मग आपण संप करणाऱ्यांस शत्रू समजावे काय? हा प्रश्न सरळ आहे व त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. संप करणारा शिपाई आणि लिपिक कित्येकदा आपल्याच वस्तीत राहतो. एस.टी.चा वाहक आपला भाऊ असतो. प्राध्यापकांच्या मागण्यांत रिक्त जागा भरण्याची मागणी वारंवार असते, आणि त्या जागा न भरल्यामुळे आपल्या समाजातील नेट, सेट, पीएच.डी. झालेले किती तरी तरुण तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर, वर्षानुवर्षे राबत आहेत. तेव्हा अशा मागणीशी आपले हित जोडलेले आहे, हे विसरता येणार नाही.

याविषयी बाबासाहेबांची भूमिका आपल्या तरुणांस नीट माहीत असावयास हवी. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. संप करणे काही परिस्थितीत गुन्हा ठरविण्याची तरतूद त्यात होती. बाबासाहेबांनी त्यास कडाडून विरोध केला. काम थांबविणे हा फार तर करारभंग होईल, तो गुन्हा नव्हे; मनुष्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपणे म्हणजे त्यास गुलाम करणे होय; संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांसह एक दिवसाचा संप घडवून आणला. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या वेळी पुढाऱ्यांस एक अडचणीचा प्रश्न विचारला होता. कापड खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. म्हणून तेथे अस्पृश्य कामगारास येऊ देत नसत आणि त्या खात्यातील मजुरी अधिक होती. ज्या संपात आमची चूल आधी विझते, त्या संपाच्या मागण्यांत आमच्या या अन्यायाचा समावेश का नाही, असा तो प्रश्न होता. १९२९ च्या संपास तर त्यांनी उघड विरोध केला.

या दोन भूमिकांत विरोध नाही. संपाचा हक्क मान्य. पण त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याचा हक्कही तितकाच मान्य. हीच कसोटी आपण आज लावावी. ज्या संपाची किंमत शासन मोजते, तो संप समान पातळीवरचा आहे. ज्या संपात शासन स्वस्थ बसते, संघटना स्वस्थ बसते आणि किंमत केवळ विद्यार्थी मोजतो, त्या संपात दोन बलवानांच्या कुस्तीत तिसऱ्याचे शेत तुडविले जाते. ते तुडविले जात असताना पिकाच्या मालकाने गप्प बसावे, असा धम्म आपणांस कोणी शिकविला नाही.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. ब्रिटनमध्ये २० एप्रिल ते ६ सप्टेंबर २०२३ या काळात १४० हून अधिक विद्यापीठांतील अध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला होता. कित्येक विद्यार्थ्यांस त्यांची श्रेणी न कळताच पदवीदान समारंभास उभे राहावे लागले. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थी परदेशी जातात. म्हणजे गावाच्या वेशीपासून लंडनपर्यंत आपल्या मुलांस या प्रश्नाशी गाठ पडू शकते.

लंडनचे नाव निघाले म्हणून एका खंडित शिक्षणाची आठवण करून देतो. ती प्रत्येक बौद्ध घरात ठाऊक असावी. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले. १९१७ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. ज्या बोटीतून त्यांचे सामान व ग्रंथ येत होते, ती महायुद्धात बुडविली गेली. याहून मोठा खंड आणखी कोणता पडावयाचा? परंतु देश सोडण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळविली होती. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० पर्यंत त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी करून पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० साली ते परत लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या काळात परळच्या चाळीत रमाबाईंनी संसार कसा ओढला, हे आपण दरवर्षी त्यांच्या जयंतीस ऐकतो. पण ऐकून घरी आल्यावर आपल्या मुलीची खोली सोडवून तिला परत आणतो! मग त्या ऐकण्याचा उपयोग काय?

या कथेतून आम्ही तीन बोध घेतो. खंड पडला तरी परतीची वाट कागदावर बांधून ठेवावी. खंडाच्या काळात पैसा व अभ्यास दोन्ही सांभाळावेत. आणि घरातील माणसाने "पुरे झाले आता" हे शब्द उच्चारू नयेत. आता यांचा आजच्या व्यवहाराशी मेळ घालू.

पहिली गोष्ट खोलीची. संपाच्या काळात वसतिगृहातील अगर खोलीतील जागा सोडू नये. शासकीय वसतिगृहात असेल तर गृहपालांस भेटून वसतिगृह व भोजन चालू राहणार की नाही, हे विचारावे. गावी आलेली मुलगी अभ्यास करीलच असे धरून चालू नये. ती आईस चुलीपाशी दिसते, बापास रानात हवी असते आणि शेजाऱ्यास "मोकळी" दिसते. धाराशिव जिल्ह्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत तर टोळीबरोबर एक हात वाढला म्हणजे उचल वाढते. हा मोह गरिबीतून येतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्याविषयी आधीच निश्चय केलेला असावा. भाडे खरोखरच परवडत नसेल तर दोन घरांनी मिळून एक खोली राखावी, पण राखावी. मुलीच्या लग्नाचा विषय संपाच्या सुट्टीत काढू नये. तो काढावयाचाच असेल तर शेवटच्या वर्षाचे गुणपत्रक हाती आल्यावर काढावा.

दुसरी गोष्ट कागदाची. वर्ग झाले नाहीत अगर परीक्षा पुढे गेली, याचे पत्र महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून लेखी मागावे. ज्यांस वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस भोजन-निवासासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत उपस्थितीची अट आहे. जे वर्ग भरलेच नाहीत, त्यांची अनुपस्थिती आपल्या माथी लागू नये म्हणून हे पत्र हवे. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणास गुणपत्रक नसेल तर समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये. नोकरीच्या अगर पुढील प्रवेशाच्या अर्जासाठी "निकाल प्रलंबित" असा दाखला मागावा व तात्पुरत्या प्रवेशाची विनंती करावी.

तिसरी गोष्ट हक्काची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यात परीक्षेनंतर ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावण्याचे बंधन विद्यापीठावर घातले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम जारी केले. परीक्षा अगर निकाल वेळापत्रकापलीकडे लांबणे आणि शिष्यवृत्ती देण्यात विलंब होणे, या दोन्ही गोष्टी त्यांत तक्रारीचे विषय म्हणून स्पष्ट नोंदल्या आहेत. त्यासाठी संस्थेत समिती व तिच्यावर लोकपाल यांची तरतूद आहे. आपल्यापैकी किती जणांनी असा अर्ज कधी केला आहे? अर्ज लिहिण्यास भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस विनामूल्य कायदेविषयक मदत मिळते. कायदा स्वतःहून घरी चालत येत नाही. त्यास अर्ज करून बोलवावे लागते.

चौथी गोष्ट अभ्यासाची. भगवान बुद्धाने भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्यास सांगितले. चारिका थांबे, पण अध्ययन थांबत नसे. उलट ते वाढे. आजही आपल्या विहारांतून वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. संप हा विद्यार्थ्यावर लादला गेलेला वर्षावास समजावा. वाट बंद झाली आहे, तेव्हा जागेवर बसून शिकावे. विद्यापीठाच्या मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात, रोजचे तास ठरवावेत, आणि परीक्षा उद्या आहे असे समजून चालावे. कारण संप मिटल्यावर परीक्षा पुष्कळदा घाईघाईने लावल्या जातात आणि बेसावध विद्यार्थी तेथेच गळतो. विद्यापीठाचे संकेतस्थळ अगर महाविद्यालयाची सूचना रोज पाहण्याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. तुळजापूर तालुक्यातील त्या मुलीपाशी मोबाईल नव्हता. आज तो घराघरांत आहे. तो हाती असूनही वेळापत्रक कळले नाही, ही सबब आज चालणार नाही.

येथे एका नव्या धोक्याची सूचना देणे अवश्य वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये पदवीचे शिक्षण एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन सोडता येते आणि मिळविलेले श्रेयांक जमा राहतात. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला ही सोय आहे. परंतु संपाने कंटाळलेल्या घरास हे दार फार आकर्षक वाटेल. "झाले तेवढे पुष्कळ, कागद तर मिळाला," असे म्हणून मूल बाहेर पडेल. ज्या घरात पुस्तकांची पिढीजात सवय नाही, त्या घरातील मुलास हे दार बाहेर पडण्यास सोपे व आत येण्यास अवघड आहे. म्हणून संपाच्या दिवसांत त्याकडे पाहू नये. अगदीच निरुपाय झाला तर १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाट आहे. पण शिक्षण संपवू नये.

आता समाजाचे कर्तव्य. गावोगावी आपण विहार बांधले. जयंतीस वर्गणी काढतो, कमानी उभारतो. त्याच वर्गणीतून संप, दुष्काळ अगर आजारपण यांमुळे अडलेल्या विद्यार्थ्यासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची थैली प्रत्येक विहाराने बाजूस का ठेवू नये? ही रक्कम फार मोठी नाही. ज्या मुलीची हकीकत वर सांगितली, तिच्या खोलीचे मार्च ते मे या तीन महिन्यांचे भाडे बाराशे रुपये होते. विहारात सायंकाळी दिवा असतो, सतरंजी असते; तेथे पंचवीस मुले बसून अभ्यास करू शकतात. आणि आपल्या समाजातील जे प्राध्यापक संपावर असतील, त्यांस आमची नम्र विनंती आहे. संघटनेचा निर्णय आपण पाळावा. आम्ही त्याआड येत नाही. परंतु विहारात येऊन मुलांस दोन तास मार्गदर्शन केल्याने संप मोडत नाही. ते महाविद्यालयाचे काम नव्हे, ते समाजाचे ऋण आहे.

शासनास व संघटनांस एकच सांगणे आहे. मागण्या वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवावयाच्या आणि परीक्षा जवळ आल्या म्हणजे जागे व्हावयाचे, ही शासनाची रीत अन्यायाची आहे. कारण परीक्षेशिवाय आपले कोणी ऐकतच नाही, असा धडा त्यातून कर्मचारी शिकतात. आणि संघटनांनीही विचार करावा की, शासनाला चटका बसावा म्हणून ज्या अस्त्राचा वापर केला, त्याचा घाव पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यावर बसतो. निदान अंतिम वर्षाचे निकाल, शिष्यवृत्तीच्या फायली व दाखले एवढे काम तरी संपातून वगळावे. दवाखान्यात संप असला तरी तातडीचा रुग्ण पाहिला जातो. खेड्यातून पदवीस आलेला गरीब मुलगा हाही तातडीचाच रुग्ण आहे.

२२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्या वेळी या जिल्ह्याचा बहुतेक मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि येथील मुलास पदवीसाठी बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे; आपल्या मुलास तर तीही बंदच होती. १९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यात महाविद्यालय काढले. १९५८ साली विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपल्या लोकांनी घरे जळताना पाहिली, प्राण दिले. त्या विद्यापीठाचे उपकेंद्र आज धाराशिव येथे आहे. इतक्या वाटेने जे दार आपल्यापर्यंत आले, ते दोन महिन्यांच्या संपापायी आपणच बाहेरून ओढून घेणार काय?

तेव्हा ज्या घराने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या घरातील आईबापांस आमची आग्रहाची विनंती आहे. पुढील संप केव्हा होईल हे कोणी सांगू शकत नाही. पण तो होईल. त्या दिवशी मुलीचा फोन येईल आणि ती विचारील, "बाबा, संप सुरू झाला, मी काय करू?" त्या वेळी काय उत्तर द्यावयाचे ते आजच ठरवून ठेवा. "खोली सोडू नकोस, पुस्तक सोडू नकोस, भाड्याचं आम्ही बघतो." संपाच्या काळात विद्यार्थ्यास हवा असलेला आधार एवढाच आहे, आणि तो देणे कोणत्याही शासनाच्या अगर संघटनेच्या हाती नाही, तो आपल्या हाती आहे.